टोपलीतला मासा कोणत्या पाण्यातला?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या एका गटातील ताईंनी गटाकडून पाच हजार रुपयांचे अंतर्गत कर्ज घेतले. अर्जावर कारण लिहिले, "मासोळी विक्री". आठवडी बाजार जवळ, गिऱ्हाईक ओळखीचे, हात चालणारा. पहिले तीन बाजार चांगले गेले आणि हप्ताही वेळेवर आला.

चौथ्या बाजाराच्या दिवशी पहाटे दोन पोरे मोटारसायकलवर गोणी घेऊन ताईंच्या दारात उभी राहिली. गोणीत रोहू होता, कतला होता, आणि भाव नेहमीच्या निम्मा. ताईंनी घरात होते तेवढे पैसे मोजून सगळा माल घेतला. बाजारात टोपली मांडून तास झाला नसेल, तोच धरणाचा ठेका असलेल्या एका संस्थेची माणसे आली. म्हणाली, "रात्री आमच्या पाण्यात चोरून जाळे टाकले, ही मासोळी तिथलीच आहे." गर्दी जमली, टोपली गेली, पैसे गेले. गोणी आणणारी पोरे केव्हाच पसार झाली होती. भर बाजारात नाव निघाले ते ताईंचे.

पुढच्या बैठकीत ताई एवढेच म्हणाल्या, "मले कुठं मालूम होतं, पोरं मासोळी कोठून आनतात ते?"

खरे सांगायचे तर ते आम्हालाही माहीत नव्हते. कर्जाच्या अर्जावर आम्ही सह्या घेतल्या, हप्ता ठरवला, जामीन लिहिला. पण मासोळी कोठून घेणार, हे कोणीच विचारले नाही. म्हणून त्यानंतर आम्ही चार ठिकाणी फिरलो. सरकारी कार्यालयात गेलो, सोसायटीत गेलो, भोई समाजाच्या जुन्या जाणत्या बायांजवळ बसलो. तिथे जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मासे पकडण्याचे आणि विकण्याचे कायदे पुष्कळ आहेत, पण बाजारात बसणाऱ्या बाईला तीन प्रश्न पाठ असले तरी पुरते. पाणी कोणाचे? मासा कोणता? आणि पकडला कसा?

पाणी कोणाचे?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. पुसदजवळ पूस, दिग्रसजवळ अरुणावती, बाभूळगावकडे बेंबळा, घाटंजीकडे वाघाडी, आणि सीमेवर पैनगंगेचे इसापूर. पाहणाऱ्याला वाटते, एवढे मोठे पाणी, दोन किलो मासोळी काढली तर कोणाचे काय जाते?

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. रोहू, कतला, मृगळ हे मुळात नदीचे मासे. पावसाळ्यात पाणी चढले, वाहते झाले की ते अंडी देतात. साचलेल्या तळ्यात ते सहसा अंडी देत नाहीत. म्हणून पूर्वी नदीतून बीज गोळा करून आणावे लागे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाला इंजेक्शन देऊन अंडी द्यायला लावण्याची रीत यशस्वी केली. तो दिवस १० जुलै होता, आणि तोच आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागले. आधी जिरे, मग बोटाएवढी झाली की बोटुकली.

म्हणजे धरणातला रोहू आपोआप आलेला नसतो. बहुतेक वेळा कोणीतरी बोटुकली विकत आणून सोडलेली असते. धरणाचे पाणी पाटबंधारे खात्याचे, पण त्यातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो. हा ठेका साधारण पाच वर्षांचा असतो आणि तो मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला मिळतो. संस्था सरकारला ठेक्याची रक्कम भरते, बीज टाकते, राखण करते. त्या संस्थेचे सभासदही आपल्यासारखेच घरोघरचे लोक आहेत. रात्री कोणी चोरून जाळे टाकले की त्यांच्या वर्षभराच्या राखणीवर पाणी फिरते. आम्ही हे ऐकले तेव्हा ताईंच्या टोपलीबद्दलचा आमचा राग थोडा निवळला.

आता ताईंच्या बाजूने कायदा काय म्हणतो? चोरीचा माल विकत घेणे हाही गुन्हा आहे, पण केव्हा? माल चोरीचा आहे हे आपल्याला ठाऊक असेल, किंवा तसे वाटायला सबळ कारण असेल तेव्हा. पहाटेची वेळ, अनोळखी पोरे, गोणीत भरलेला माल आणि निम्मा भाव, ही सगळी "सबळ कारणे" धरली जाऊ शकतात. म्हणून स्वस्त मासोळी दारात आली की आनंद होण्याआधी थांबावे. कोठून आणली, कोणत्या संस्थेची, पावती आहे का, हे विचारावे. पावती नसेल तर माल घेऊ नये. निम्म्या भावात घेतलेली टोपली शेवटी दुप्पट भावात पडते, हे आमच्या गटाने अनुभवले आहे.

गावतलावांचे वेगळे असते. काही जिल्हा परिषदेचे, काही ग्रामपंचायतीचे. त्यांचाही लिलाव किंवा ठेका होतो. कोणत्या तलावाचा ठेका कोणाकडे, किती वर्षांचा आणि किती रुपयांना, हे ग्रामपंचायतीत विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. ग्रामसभेत विचारा, तोंडी उत्तर मिळाले तर इतिवृत्तात लिहायला लावा. नदी वाहती आहे म्हणून ती सगळी मोकळी, असेही समजू नका. तिथेही विचारूनच जाळे टाकावे. स्वतःच्या शेततळ्यात स्वतः बीज टाकून वाढवलेला मासा मात्र तुमचाच. त्याचे बीज कोठून घेतले त्याची पावती जपून ठेवा, म्हणजे बाजारात कोणी बोट दाखवले तर तीच पुढे करता येते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांमधील बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. या कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीच्या हाती दिले आहे, आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेल्या पेसा नियमांनी ग्रामसभेचा शब्द अधिक वजनदार केला आहे. तसेच २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांची जी यादी आहे, तिच्यात पाण्यातील मासे आणि इतर उपज यांचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. कोलाम, गोंड आणि जंगलालगत राहणाऱ्या इतर बायांनी हे नक्की लक्षात ठेवावे. कायदा म्हणजे नुसती मनाई असे नाही. काही ठिकाणी तो आपल्या हातात हक्कही देतो. पण हा हक्क ग्रामसभेने ठराव करून, दावा करून, कागदावर मिळवावा लागतो. "आमचे आजोबा इथेच मासे धरायचे" एवढे सांगून भागत नाही. आजोबांची ती गोष्ट दाव्याचा पुरावा म्हणून लिहून द्यावी लागते.

अभयारण्यात मात्र वेगळे नियम आहेत. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर असो की उमरखेडकडचे पैनगंगा, तिथे परवानगीशिवाय आत जाणेच चालत नाही, मग मासे धरणे दूर राहिले. सरपणाला गेलेल्या बायांनी नाल्यात टोपले लावून झिंगे धरले आणि प्रकरण वनविभागापर्यंत गेले, असे व्हायला नको.

मासा कोणता?

दुसरा प्रश्न. पाणी आपले असले, पावती असली, तरी काही मासे पाळायला आणि विकायला बंदी आहे. त्यात सगळ्यात जास्त फसगत होते ती मांगूरची.

मांगूर दोन प्रकारचा. आपला गावठी मांगूर पिढ्यान्‌पिढ्या नाल्या-डबक्यात सापडणारा. तो लहान असतो, अर्धा किलोच्या वर क्वचितच जातो. त्याला बंदी नाही. दुसरा थाई मांगूर. नाव थायलंडचे असले तरी मूळचा तो आफ्रिकेतला. तो काहीही खातो. कत्तलखान्यातली घाण टाकून तो वाढवला जातो अशा तक्रारी ठिकठिकाणी झाल्या आहेत. पाण्यातले इतर मासे, त्यांची पिल्ले, अंडी, सगळे फस्त करतो. पावसाळ्यात तळे भरून वाहिले की तो नदीत शिरतो, आणि एकदा शिरला की काढता येत नाही. म्हणून केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादानेही हा विषय हाती घेतला, आणि त्यानंतर आपल्या राज्यात उजनी धरणाच्या परिसरात आणि ठाणे जिल्ह्यात मत्स्य विभागाने थाई मांगूरचे साठे नष्ट केले.

ओळखायचा कसा? डोके मोठे, चपटे आणि खडबडीत. अंगावर गडद डाग. आणि मुख्य खूण म्हणजे आकार. एक किलो, दीड किलो, दोन किलोचा "मांगूर" कोणी दाखवला तर तो गावठी नाही असेच समजा. व्यापारी म्हणतो, "ताई, बिनकाट्याचा आहे, पटकन खपते." खपेल, पण साठा पकडला गेला तर तो नष्ट करतात आणि नुकसान विकणारीच्या अंगावर पडते. शेततळ्यासाठी बीज घेतानाही हेच. "लवकर वाढणारा मांगूर" म्हणून कोणी पिशवी देऊ लागला तर घेऊ नका.

आता कासव. जाळ्यात कधीकधी मऊ पाठीचे कासव येते. काही घरांत ते खाण्याची जुनी सवय आहे, काही जण औषध म्हणून विकतात, काही "पैशाचे कासव" म्हणून पिंपात ठेवतात. मैत्रिणींनो, हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. धरले, विकले, घरात ठेवले तरी गुन्हा. शिक्षा कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २५ हजार रुपये दंड. जाळ्यात कासव आले तर ते तिथेच पाण्यात सोडून द्या. घरी आणूच नका.

तिसरी गोष्ट लहान माशांची. पहिल्या पावसात नाल्याला पाणी आले की मासे उलटे चढतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो. पोट अंड्यांनी भरलेले असते, चवीला ते चांगले लागतात, आणि पोराबाळांना तो एक सोहळाच असतो. पण एका भरल्या मादीच्या पोटात अंडी लाखांनी असतात. ती टोपलीत आली म्हणजे पुढच्या वर्षीचे पीक आपण आजच खाल्ले. बियाण्याचा कापूस कोणी वातीला काढत नाही. ठेक्याच्या करारातही जाळ्याच्या आसाचा, माशाच्या आकाराचा आणि बंद काळाचा नियम असतो. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. तो बारीक असला की बोटुकलीही अडकते. तुम्ही ज्या संस्थेकडून माल घेता तिच्या करारात काय लिहिले आहे ते विचारून घ्या. बोटाएवढे मासे ढिगाने विकायला आले तर विकत घेऊ नका. घेणारे नसले तर धरणारेही थांबतात.

समुद्रावर हाच नियम जास्त कडक आहे. आपल्या बाजारात सुकट, बोंबील, सोडे विकणाऱ्या बाया पुष्कळ, म्हणून हेही माहीत असावे. कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या बोटींना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ. २०२३ मध्ये राज्य सरकारने समुद्रातल्या ५४ जातींच्या माशांचा कमीत कमी आकार ठरवून दिला. त्यापेक्षा लहान मासा धरू नये, विकू नये. त्याच वर्षी पापलेट हा राज्य मासा म्हणून जाहीर झाला, कारण पिल्ले धरून धरून तोच कमी होत चालला होता.

एका बैठकीत एका वहिनींनी विचारले, मोबाइलवर जिताडा माशाची जाहिरात येते, तो आपल्या तलावात टाकता येईल का? जिताडा हा रायगडकडचा नावाजलेला मासा. तो खाडीत, खाऱ्या पाण्यात आणि गोड्या पाण्यातही वाढतो, अंडी द्यायला मात्र समुद्राकडे जातो. पण तो मांसाहारी आहे, लहान मासे खाऊन वाढतो. ठेक्याच्या तलावात किंवा नदीला जोडलेल्या पाण्यात आपल्या मनाने तो सोडला तर रोहू-कतल्याची बोटुकली त्याच्या पोटात जाईल. नवी जात आणायची असेल तर आधी मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारा आणि लेखी उत्तर घ्या. जाहिरातीवर विसंबू नका.

पकडला कसा?

तिसरा प्रश्न सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण त्यात जीव जातो. पाण्यात सुरुंगाची दारू उडवून मासे मारणे आणि पाण्यात विष टाकणे, या दोन्ही गोष्टींना इंग्रजांच्या काळापासून, १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. तेव्हा शिक्षा होती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. पुढे महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला, त्यातही ही मनाई कायम आहे. दारू उडवली की मोठ्यांबरोबर पिल्ले, अंडी, किडे, सगळे मरते, आणि हात-बोटे तुटलेले लोकही आपण पाहिले आहेत.

विषाचे तर आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तीच बाटली उन्हाळ्यात नदीच्या डोहात उपडी करणारे लोक आहेत. मासे वर तरंगतात, टोपलीत भरतात, आणि बाजारात येतात. आपण ते घासून, धुऊन, तिखट-मीठ लावून पोरांच्या ताटात वाढतो. फवारणीचे औषध अंगावर उडाले तर आपण अंघोळ करतो, आणि त्याच औषधाने मेलेला मासा खातो, याचा विचार करा. त्याच डोहावर गुरे पाणी पितात, खालच्या गावच्या बाया कपडे धुतात.

पाण्यात करंट सोडणे हाही असाच जीवघेणा प्रकार. तारेवर आकडा टाकला की आधी वीजचोरीचा गुन्हा, आणि पाण्यात उतरलेला माणूस परत येईलच याची खात्री नाही.

विषाने मेलेली मासोळी ओळखणे सोपे नाही. पण काही खुणा आमच्या भोई मावशींनी सांगितल्या. एकाच वेळी लहान-मोठे सगळ्या जातींचे मासे एकत्र आले, अंगावर जाळ्याचा वळ नाही, आणि आणणारा "लवकर खपवा" म्हणून घाई करतो, तर शंका घ्या. औषधाचा वास आला तर हातही लावू नका. मावशी म्हणाल्या, "जाळ्यातली मासोळी सांगते मी जाळ्यातली हाय. तिच्या खवल्याकडे पाहा."

विकायला बसताना

आता बाजाराच्या बाजूचे चार नियम. मासे हे अन्न आहे, म्हणून विकणारीने अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी. कमी उलाढाल असणाऱ्या लहान विक्रेत्याला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. गटातर्फे विक्री असेल तर गटाच्या नावाने करा. मासा टिकवायला बर्फच वापरा, आणि तोही चांगल्या पाण्याचा. फॉर्मालिन म्हणजे प्रेत टिकवायचे रसायन, ते माशाला लावणे सक्त मना आहे. वजनकाटा शिक्का मारलेला असावा. बाजार फी भरली की पावती घ्या. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड अशा शहरात बसत असाल तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगरपरिषदेत आपली नोंद करून घ्या. त्या कायद्याने शहर फेरीवाला समितीत फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असतात, आणि त्यातल्या एक तृतीयांश जागा बायांच्या आहेत. त्या जागांवर कोण बसले आहे, हे एकदा विचारून या.

कोणी अडवले तर घाबरून टोपली टाकून पळू नका. पळालेली बाई दोषी ठरते. माल जप्त करायचा तर तो पोलिसाने किंवा अधिकाऱ्याने, लेखी पंचनामा करून. कोणी "मिटवून टाकू" म्हणून पैसे मागितले तर पावती मागा. पावतीचे नाव काढले की अशी बोलणी बरेचदा तिथेच संपतात. आणि वकिलाचे पैसे कोठून आणायचे, ही चिंता करू नका. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० हा त्यांचा मदतीचा क्रमांक आहे.

कायदा टोपलीलाच का धरतो?

हे सगळे ऐकून आमच्या बैठकीत एका काकूंनी सरळ विचारले, "दारू उडवनारा सापडत नाही, औषध टाकनारा सापडत नाही. सापडते ती बाजारात बसलेली बाई. असं का?"

काकूंचे म्हणणे खोटे नाही. रात्री पाण्यावर कोणी पाहत नाही, बाजारात सगळे पाहतात. म्हणून आधी हात पडतो तो टोपलीवर. त्यावर आम्हाला दोनच उपाय दिसतात. एक, टोपलीत काय येते ते आपण ठरवायचे. दहा गावच्या बायांनी बिनपावतीची मासोळी नाकारली तर रात्रीच्या जाळ्याला गिऱ्हाईक उरणार नाही. दुसरा, पाण्याचा कारभार जिथे ठरतो तिथे आपण जायचे. मच्छीमार सोसायटीचे सभासद व्हायला बाईला मनाई नाही. मासे निवडणे, विकणे, सुकवणे ही कामे बायाच करतात, मग सभासद पुस्तकात नाव फक्त पुरुषाचे का? सहकार कायद्याने संस्थेच्या संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. तुमच्या भागातल्या संस्थेत त्या दोन जागांवर कोण आहे, आणि त्या बाया बैठकीला खरोखर येतात की रजिस्टर घरी येते, हे पाहा.

ताईंचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. गटाने त्यांचे कर्ज माफ केले नाही, तसे ताईंनी मागितलेही नाही. हप्ता लहान करून दिला आणि मुदत वाढवली. आज त्या पहाटे धरणाच्या काठावर जातात, संस्थेच्या काट्यावर माल मोजून घेतात आणि पावती पदराच्या गाठीला बांधून बाजारात बसतात. किलोमागे पूर्वीपेक्षा कमी सुटतात. पण परवा कोणीतरी टोपलीजवळ येऊन "ही मासोळी कोठची?" असे दरडावून विचारले, तर ताईंनी पदराची गाठ सोडली आणि कागद त्याच्या हातात दिला. तो वाचून गेला, आणि जाताना अर्धा किलो रोहू घेऊन गेला.

आमच्या गटांनी आता कर्जाच्या अर्जावर, मासोळी विक्रीच्या कारणाखाली, तीन ओळी वाढवल्या आहेत. पाणी कोणाचे, मासा कोणता, पकडला कसा. या आठवड्याच्या बैठकीत तुमच्या रजिस्टरमध्येही त्या लिहून घ्या, आणि गटात मासोळी विकणारी कोणी असेल तर तिच्या टोपलीजवळ बसून तिघीचौघींनी मिळून त्यांची उत्तरे भरा.